उदगीर परिसरातील डुकरांची रक्ती हगवण: एक चिकित्सानुभव

डुकरांची रक्ती हगवण हा मोठ्या आतड्याचा रोग असून त्यात विष्ठेबरोबर रक्त आणि आव, म्हणजे आतड्याच्या अस्तरातून पाझरणारा चिकट स्राव, पडतो. लहान आतड्यातून येणाऱ्या साध्या पाण्यासारख्या जुलाबापासून तो याच खुणेने वेगळा ओळखावा लागतो. उदगीर तालुक्यात आणि त्याला लागून असलेल्या देवणी, जळकोट, मुखेड या भागांत पशुवैद्यक म्हणून काम करताना प्रस्तुत लेखकाच्या अनुभवास वारंवार आले ते असे की, या रोगावर औषध बहुधा मिळते, ते लागूही पडते, आणि तरीही त्याच शेडमध्ये तीच हगवण महिना-दीड महिन्यात परत येते. कारण उपचार जनावरावर होतो आणि रोग विष्ठेत राहतो.

हा परिसर जनावरांच्या पारखीसाठी ओळखला जातो. देवणी हा गोवंश याच भागाच्या नावाने प्रसिद्ध आहे, हाळी हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे दात, खूर आणि वशिंड पाहून किंमत ठरवणारी माणसे आजही भेटतात, आणि 2000 साली स्थापन झालेल्या नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे एक पशुवैद्यकीय महाविद्यालय उदगीरमध्येच आहे. इतके असूनही डुकराच्या वाट्याला या पारखीतला फार थोडा भाग आलेला आहे. बैलाने एक वेळ वैरण सोडली तर मालक रात्री दार ठोठावतो. डुक्कर मात्र चार दिवस रक्त हगून मागचा भाग खरकटल्यावर, पोट खपाटीला गेल्यावर दवाखान्याच्या कानावर येते. यात पाळणाऱ्याची बेपर्वाई कमी आणि संकोच अधिक असतो, हे स्पष्ट नोंदवले पाहिजे. या भागात पिढीजात डुकरे पाळणारी कुटुंबे प्रामुख्याने भटक्या-विमुक्त आणि वंचित समाजांतली आहेत, दवाखान्याच्या ओट्यावर गाय-म्हशींच्या रांगेत डुक्कर घेऊन उभे राहण्याची त्यांना सवय नाही आणि तशी सवय लागावी असे वातावरणही आजवर मिळालेले नाही.

गेल्या काही वर्षांत चित्र थोडे बदलले आहे. राष्ट्रीय पशुधन अभियानातून वराहपालनाला अनुदान मिळू लागल्यापासून लार्ज व्हाइट यॉर्कशायर, लँड्रेस, ड्युरॉक या जातींचे किंवा त्यांच्या संकरातले कळप सिमेंटच्या शेडमध्ये पाळणारे तरुणही दिसू लागले आहेत. देशाच्या पातळीवर मात्र 2019 च्या विसाव्या पशुगणनेत डुकरांची संख्या सुमारे 90.6 लाख भरली, म्हणजे आधीच्या 2012 च्या गणनेपेक्षा सुमारे 12 टक्क्यांनी कमी, आणि त्यातली सुमारे 21 लाख एकट्या आसामात होती. यावरून मराठवाड्यातील या व्यवसायाचा आकार आणि त्याच्याकडे होणाऱ्या दुर्लक्षाचे एक कारण लक्षात यावे. रक्ती हगवणीच्या दृष्टीने विचार करता मोकाट फिरणाऱ्या गावठी डुकरापेक्षा शेडमधले डुक्कर अधिक धोक्यात असते, कारण पहिले आपल्या विष्ठेपासून दूर चालत जाऊ शकते आणि दुसऱ्याला तिच्यातच उभे राहावे, झोपावे आणि खावे लागते.

रोगाचे पहिले शास्त्रीय वर्णन अमेरिकेत 1921 साली झाले, परंतु त्याचा कारक जंतू निश्चित व्हायला पुढची पन्नास वर्षे लागली. 1971-72 च्या सुमारास ब्रिटन आणि अमेरिकेतील संशोधकांनी तो वेगळा केला. आज ब्रॅकिस्पायरा हायोडिसेंटेरी या नावाने ओळखला जाणारा हा जंतू स्पायरोकीट गटातला, म्हणजे मळसूत्रासारखा पीळ असलेला आणि त्या पिळाच्या जोरावर दाट चिकट आवेतूनही पोहत जाणारा आहे. त्याला प्राणवायू मानवत नाही, म्हणून मोठ्या आतड्यातील प्राणवायूविरहित जागा त्याला अनुकूल ठरते. तेथील अस्तरात असलेल्या सूक्ष्म खळग्यांत तो शिरतो, रक्तातील तांबड्या पेशी फोडणारी विषद्रव्ये सोडतो, अस्तराच्या वरच्या पेशी झडतात आणि आवेचा पूर येतो. जनावर सुकते ते आतड्यातून पाणी बाहेर फेकले जाते म्हणून नव्हे, तर मोठ्या आतड्याचे पाणी शोषून घेण्याचे रोजचे काम बंद पडते म्हणून. लहान आतडे या सगळ्यात जवळजवळ निरोगी राहते, आणि पुढे उपचाराच्या संदर्भात या गोष्टीला मोठे महत्त्व येते.

जंतू पोटात गेला की रोग झालाच, असेही नाही. पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या पिल्लांना प्रयोगशाळेत केवळ हा एक जंतू पाजला असता हगवण लागली नाही. आतड्यात नेहमी राहणाऱ्या इतर काही प्राणवायूविरहित जंतूंची साथ मिळाली तेव्हाच ती लागली. हे इतर जंतू कशावर पोसतात याचे उत्तर खाद्यात असते. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकात झालेल्या प्रयोगांत शिजवलेला पांढरा भात आणि प्राणिज प्रथिने असे सहज पचणारे खाद्य दिलेल्या डुकरांत रोग बराच रोखला गेला, तर मोठ्या आतड्यापर्यंत न पचता पोहोचून तेथे आंबणारे पदार्थ असलेल्या खाद्यावर तो बळावला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत असेच निष्कर्ष निघाले नाहीत, तरी लातूर-उदगीरच्या पट्ट्यात या मुद्द्याला स्थानिक अर्थ आहे. येथे सोयाबीनचे पीक भरपूर आणि डाळमिलही पुष्कळ, त्यामुळे डुकराच्या खाद्यात तुरीची चुनी, टरफले आणि काही ठिकाणी पावसाने डागाळलेले, बाजारात न खपणारे कच्चे सोयाबीन सर्रास पडते. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचे पचन अडवणारे घटक असतात आणि न पचलेला भाग मोठ्या आतड्यात जाऊन आंबतो. भाजून किंवा उकडून दिले तर ते घटक बरेचसे निष्प्रभ होतात. रक्ती हगवणीच्या तक्रारीत जंतूंची चौकशी करण्याआधी खाद्याच्या पिंपात हात घालून पाहण्याची सवय प्रस्तुत लेखकाला लागली ती यामुळेच, आणि खाद्य बदलल्यावर औषधाचा गुणही अधिक टिकतो असे नंतर अनेकदा दिसून आले.

हा रोग दूध तुटल्यानंतर वाढीला लागलेल्या, साधारण दीड महिन्यापासून चार-पाच महिन्यांपर्यंतच्या डुकरांत अधिक दिसतो. संसर्गानंतर बहुधा दहा ते चौदा दिवसांत लक्षणे उमटतात, परंतु हा काळ काही वेळा दोन-तीन महिन्यांपर्यंतही लांबतो. सुरुवातीला विष्ठा मऊ आणि पिवळट-करड्या रंगाची होते, एखाददुसरे जनावर खाद्याकडे पाठ फिरवते, परंतु कळपात तेवढ्याने कोणाचे लक्ष जात नाही. दोन दिवसांत तिच्यावर आवेची चकाकी येते, मग रक्ताचे ठिपके आणि धागे, आणि शेवटी आव, रक्त व पांढरट पापुद्रे असा लगदा पडू लागतो. मालकाचा निरोप येतो तो या टप्प्यावर आणि जवळजवळ एकाच वाक्यात: “डॉक्टर, डुकरं रगात हगायलीत.” उपचार न झाल्यास कळपातली नव्वद टक्क्यांपर्यंत जनावरे आजारी पडू शकतात आणि तीस टक्क्यांपर्यंत मरू शकतात, असे पशुवैद्यकीय ग्रंथांत नमूद आहे, छोट्या शेडमध्ये मृत्यू त्याहून कमी दिसतात, परंतु जगलेल्या डुकरांची वाढ खुंटते आणि तेवढेच वजन यायला कितीतरी जास्त खाद्य लागते, म्हणून खरे नुकसान विक्रीच्या दिवशी काट्यावर कळते.

मृत जनावराची शवचिकित्सा या रोगात जितके शिकवते तितके क्वचितच दुसरे काही शिकवते. पोट उघडल्यावर लहान आतडे फिकट, नेहमीसारखे दिसते. ते संपून जेथे मोठे आतडे सुरू होते त्या सांध्यापाशी मात्र चित्र एकदम पालटते. डुकराचे मोठे आतडे शंकूच्या आकारात स्वतःभोवती गुंडाळलेले असते. त्याची वेटोळी सुजलेली, जड आणि लालसर असतात आणि दोन वेटोळ्यांमधल्या पडद्यात पाणी भरलेले असते. कात्रीने एक वेटोळे लांब चिरून पाण्याखाली हलके धुतले की अस्तराच्या नेहमीच्या घड्या पुसट झालेल्या दिसतात, त्यावर गाळणीत अडकलेल्या सायीसारखा करडा-पिवळा पापुद्रा चिकटलेला असतो आणि तो सुरीच्या पाठीने खरवडला तर खाली रक्ताळलेला, खरबरीत पृष्ठभाग लागतो. ही खरवड काचपट्टीवर पसरून रंगवली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली असता सैल पिळाचे लांबट जंतू घोळक्याने दिसले तर संशय बळावतो. निश्चित निदानासाठी मात्र प्राणवायूविरहित संवर्धन किंवा जंतूच्या जनुकीय अंशाची पीसीआर चाचणी लागते आणि त्यासाठी नमुना थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो.

एवढी काळजी घ्यावी लागते, कारण रक्त पडणारी प्रत्येक हगवण म्हणजे हाच रोग नसतो. गावठी डुकरांत चाबकासारख्या आकाराचा ट्रायक्युरिस हा जंत मोठ्या आतड्यात डोके रुतवून बसतो आणि हुबेहूब अशीच आव-रक्ताची हगवण लावतो. आतड्याचे अस्तर नीट न्याहाळले तर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि साध्या जंतनाशकांपैकी योग्य औषध दिल्यास बरा होतो. बॅलँटिडियम हा एकपेशीय जीव इतर रोगांच्या आडून उपद्रव वाढवतो. साल्मोनेला जंतूच्या हगवणीत ताप जास्त असतो आणि इजा लहान आतड्याच्या शेवटच्या भागातही आढळते. लॉसोनिया या जंतूच्या संसर्गात लहान आतड्याचे शेवटचे टोक जाडजूड होते आणि काही वेळा मोठे जनावर डांबरासारखी काळी विष्ठा टाकून अचानक दगावते. साल्मोनेला आणि बॅलँटिडियम माणसालाही बाधू शकतात, त्यामुळे शेड साफ करणाऱ्या बाई-माणसांच्या हात धुण्याचा विषय येथे टाळता येत नाही.

सर्वांत गंभीर शंका वराह ज्वराची आणि आफ्रिकन वराह ज्वराची. पहिल्यावर आपल्याकडे लस आहे; दुसरा 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात प्रथम आढळला आणि त्यावर उपचारही नाही आणि आपल्याकडे वापरात असलेली लसही नाही. रक्ताच्या हगवणीबरोबर 41 अंशांच्या आसपास ताप, कानांवर आणि पोटाखाली जांभळे चट्टे, लहान-मोठी सर्व वयांची डुकरे एकदम आडवी पडणे अशी लक्षणे असतील तर जागेवर शवचिकित्सा करून रक्त सांडू नये, तात्काळ पशुसंवर्धन खात्याला कळवावे; प्राण्यांमधील संक्रामक रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्याने हे कळवणे बंधनकारक केले आहे.

उपचाराची सुरुवात पाण्यापासून करावी लागते. आजारी डुक्कर खात नाही पण पिते, म्हणून औषध खाद्यात मिसळणे म्हणजे निरोगी जनावरांना औषध आणि आजाऱ्याला उपवास घडवणे होय. तियामुलीन हे या जंतूवर सर्वांत विश्वासाने वापरले जाणारे प्रतिजैविक पिण्याच्या पाण्यातून दर किलो वजनाला सुमारे 8 मिलिग्रॅम या प्रमाणात पाच दिवस, किंवा लिंकोमायसीन साधारण तेवढ्याच प्रमाणात पाच ते दहा दिवस देतात. अगदी निपचित पडलेल्या जनावराला सुई द्यावी लागते. हे सर्व पशुवैद्यकाच्या चिठ्ठीनेच व्हावे आणि कत्तलीपूर्वी बाटलीवर दिलेला औषधमुक्त काळ पाळला जावा. लहान आतडे शाबूत असल्याने त्यातून साखर आणि मीठ यांच्या सोबतीने पाणी शोषले जाते, म्हणून गूळ आणि थोडे मीठ घातलेले पाणी किंवा तयार क्षारांची पूड घातलेले पाणी वारंवार पाजल्याने जनावर तगते.

येथे एक गोष्ट विशेष जपावी लागते. ज्या डुकराला उन्हाळ्यात बराच वेळ पाणीच मिळालेले नाही आणि जे हॉटेलचे खारट उष्टे खात आले आहे, त्याच्या पुढे एकदम भरपूर पाणी ठेवले तर मेंदूला सूज येऊन ते भिंतीला डोके लावून उभे राहते, कुत्र्यासारखे बसून मागे सरकते आणि झटके येऊन मरते. अशा जनावराला साधे पाणी थोडे थोडे, तासातासाने द्यावे लागते. टंचाईच्या दिवसांत ‘हगवणीने मेलेले’ म्हणून दाखवलेल्या काही डुकरांचे मरण प्रत्यक्षात असे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरा धोका तियामुलीनशीच जोडलेला आहे. ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात रक्ती हगवणच लावणाऱ्या एका वेगळ्या रोगाविरुद्ध सॅलिनोमायसीन किंवा मोनेन्सीन ही द्रव्ये मिसळलेली असतात, आणि कोंबड्यांची तुकडी विकल्यावर उरलेली पोती स्वस्तात डुकरांसाठी घेण्याची पद्धत आहे. तियामुलीन यकृतात या द्रव्यांचे विघटन अडवते, ती शरीरात साठतात, स्नायू नासतात, डुकरांचे मागचे पाय लुळे पडतात आणि औषध दिलेलीच जनावरे मरतात. तियामुलीनची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी पोत्यावरचे लेबल स्वतः वाचणे हा नियम म्हणूनच मोडता कामा नये.

औषध दुकानातून परस्पर आणलेल्या बाटल्यांविषयीही लिहिले पाहिजे. कोलिस्टिन हे हगवणीचे हमखास औषध म्हणून पूर्वी सर्रास दिले जाई. जुलै 2019 मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत आणि पशुखाद्यात त्याचा वापर बंद केला, कारण माणसाच्या अतिगंभीर संसर्गात ते शेवटच्या औषधांपैकी एक आहे. ते या रोगात तसेही निरुपयोगी होते. प्रयोगशाळेत ब्रॅकिस्पायरा वाढवताना इतर जंतू मरावेत आणि हा एकटा उरावा यासाठी माध्यमात मुद्दाम जी प्रतिजैविके घालतात, त्यांत कोलिस्टिन असते.

रक्त पडणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थांबते आणि तेथेच उरलेले औषध कपाटात जाते. पैशाची ओढाताण असलेल्या घरात हे समजण्यासारखे आहे. परंतु बरे दिसणारे डुक्कर पुढे दोन-अडीच महिने अधूनमधून जंतू टाकत राहते, आणि अर्धवट औषधाने जंतूही निर्ढावतात; टायलोसीन हे पूर्वीचे प्रभावी औषध जगात बहुतेक ठिकाणी या रोगावर निकामी झाले ते अशाच सैल वापराने.

विष्ठेतील जंतूच्या आयुष्याचे जे आकडे प्रयोगांत मिळाले आहेत, त्यांत उदगीरसाठी मोठी सोय दडलेली आहे. थंड वातावरणात, शून्य ते दहा अंशांवर तो विष्ठेत सुमारे 48 दिवस जगतो, पंचवीस अंशांवर सुमारे सात दिवस, आणि सदतीस अंशांवर चोवीस तासांच्या आत मरतो. वाळलेल्या विष्ठेत तो टिकत नाही. बालाघाटच्या पठारावर एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी गाठतो. म्हणजे युरोपातील पशुपालक ज्यासाठी उन्हाळ्याची वाट पाहतात आणि भरपूर खर्च करतात, ते काम येथे ऊन फुकट करते, अट एवढीच की विष्ठा उन्हात आणि कोरडी असली पाहिजे. प्रत्यक्षात शेडमधली नाली तुंबलेली, सावलीतली आणि ओली असते, त्यामुळे भर मे महिन्यातही तिच्यात जंतूला आश्रय मिळतो, आणि मृगाच्या पावसात ती भरून कप्प्याकप्प्यांतून वाहिली की जून-जुलैत हगवणीचे निरोप येऊ लागतात.

यावरून जी पद्धत या भागात सर्वांत उपयोगी ठरली ती अशी: विक्रीची डुकरे मे महिन्यापूर्वी काढायची, ठेवायच्या माद्यांना पूर्ण मुदतीचे औषध देऊन वेगळ्या स्वच्छ जागी न्यायचे, शेड रिकामे करायचे, नाली तळापर्यंत उपसायची आणि दोन-तीन आठवडे सगळे उन्हात तापू द्यायचे. धुण्याचा आग्रह येथे धरता येत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा जिल्ह्यात शेडवर पाण्याचे फवारे मारण्याचा पुस्तकी सल्ला पाळला जात नाही आणि ओल्या अर्धवट धुलाईने उलट जंतूचे फावते. त्याऐवजी फावड्याने कोरडे खरडणे, खरडलेला माल पातळ थरात पसरून वाळवणे, फरशी कोरडी झाल्यावर सोडियम हायपोक्लोराइट किंवा फिनॉलयुक्त जंतुनाशक मोजक्या पाण्यात फिरवणे आणि भिंतींना चुना देणे हे कमी पाण्यात साधते. सेंद्रिय घाण शिल्लक असेल तर जंतुनाशक तिच्यावरच खर्च होते, म्हणून खरडण्याचे श्रम वाचवता येत नाहीत.

उंदीर मात्र उन्हाने मरत नाहीत. घरातल्या साध्या उंदरात हा जंतू सहा महिन्यांपर्यंत राहू शकतो, त्यामुळे खाद्याची पोती शेडच्या भिंतीला टेकून ठेवणाऱ्या ठिकाणी रिकामे केलेले शेडही पुन्हा दूषित होते. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर आणि शक्य तर वेगळ्या खोलीत असावीत. नव्या डुकरांचे येणे हे दुसरे दार. उदगीर कर्नाटक आणि तेलंगणाच्या सीमेलगत असल्याने बिदर, भालकीकडून पिकअपमधून पिल्ले येतात, एकाच गाडीत दोन-तीन गावांची जनावरे असतात आणि गाडीचा तळ फेरी-फेरीमध्ये क्वचितच वाळतो. आणलेली पिल्ले किमान महिनाभर वेगळी ठेवणे, त्यांच्यासाठी वेगळे फावडे आणि बूट वापरणे, रोजची कामे निरोगी कप्प्यापासून सुरू करून आजाऱ्याकडे संपवणे, या गोष्टींना पैसा लागत नाही, पण कामाचा क्रम बदलावा लागतो. या रोगावर आपल्याकडे भरवशाची लस नसल्याने त्यांना पर्यायही नाही.

ज्या कुटुंबाकडे दोन माद्या आणि त्यांची पिल्ले एवढाच संसार आहे, त्याला शेड रिकामे करा असे सांगणे म्हणजे व्यवसाय बंद करा असे सांगणे होय, आणि लेखनात कितीही नेटकी दिसणारी योजना तेथे अडते. अशा ठिकाणी जागा दोन भागांत विभागून आलटून-पालटून वापरण्याचा तोडगा चालतो: एका भागात डुकरे, दुसरा खरडून उन्हात उघडा, आणि पंधरवड्याने अदलाबदल. उघड्या भागावर सावली पडू नये म्हणून पत्र्याचे छप्पर हलते ठेवावे लागते, आणि अदलाबदलीच्या दिवशी डुकरांचे पाय व मागचा भाग धुण्यापुरते एक-दोन बादल्या पाणी राखून ठेवावे लागते. पावसाळ्यात ही पद्धत निम्मीच उपयोगी पडते, कारण ऊन नसते. त्या चार महिन्यांत लाकडी फळ्यांची उंच बैठक करून झोपायची जागा तरी विष्ठेपासून वर उचलावी लागते आणि मऊ, चकाकणारी विष्ठा दिसताच, रक्ताची वाट न पाहता, नमुना बंद डबीत घालून बर्फासह दवाखान्यात पोहोचवावा लागतो.